पावणेआठ लाखांची ऑडी आणि उद्यमनगरचा लेथ

प्रश्न : काका, नमस्कार. मी तेहतीस वर्षांचा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी सेटर आहे. राहायला राजारामपुरीत. घरी वॅगनआर आहे, ती आई-बाबा, बायको आणि चार वर्षांची मुलगी सगळ्यांना पुरते. पण शाळेत असल्यापासून मनात आहे, एकदा तरी खरी स्पोर्ट्स कार आपल्या नावावर पाहिजे. पुण्यात जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडं २०११ ची ऑडी टीटी बघितली. २.० टीएफएसआय, पेट्रोल, ऑटोमॅटिक, पांढरी. बासष्ट हजार किलोमीटर, तिसरा मालक, दिल्ली पासिंग. पावणेआठ लाख सांगतोय, सातपर्यंत येईल. एनओसी आठ दिवसांत आणून देतो म्हणाला. माझ्याकडं चार लाख साठलेत. उरलेले बायकोच्या पाटल्यांवर सोनेतारण काढून उभे करीन, ती तयार आहे. बाबा म्हणतात, ही निव्वळ चैन. मित्र म्हणतात, एवढ्यात साधी नवी गाडी येत नाही, उचल. शनिवारी इसार द्यायचाय. घेऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : शनिवारी इसार देऊ नकोस. ही गाडी घेऊ नकोस. स्पोर्ट्स कार मात्र जरूर घे. कुठली घ्यायची आणि कशी बघून घ्यायची, ते सांगायलाच एवढं लांब लिहितोय.

आधी बाबांचं. ते म्हणतात ते खरं आहे, ही चैनच आहे. पण म्हणून मान खाली घालायचं कारण नाही. जो माणूस आठवडाभर मशीनवर मायक्रॉनमध्ये माप धरतो, त्याला एखाद्या चांगल्या यंत्राचा आवाज ऐकून आनंद होत असेल तर तो आनंद खरा आहे. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना जोतिबाच्या चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढून घेते, त्या वेळी जे वाटतं त्याची किंमत मी कमी लेखत नाही. फक्त ती किंमत पाटल्यांनी चुकवायची नाही. बायको तयार आहे, हा तिचा मोठेपणा. पाटल्या कपाटातच राहू देत. सोनेतारणाचं व्याज ठरलेल्या तारखेला येतं, जुन्या स्पोर्ट्स कारचा खर्च कधीही येतो. दोन्ही एकाच महिन्यात दारात आले की गाडी विकायला काढावी लागते, आणि बंद पडलेली ऑडी विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

आता गाडीचं बोलू. जुनी गाडी घेताना सगळे विचारतात, कितीला मिळते? माझा पहिला प्रश्न वेगळा असतो : हिचं दुखणं कुठं बरं होईल? आणि आपण कोल्हापुरात राहतो म्हणून या प्रश्नाचं उत्तर फार सरळ निघतं.

शिवाजी उद्यमनगरातनं एक चक्कर मार. क्रँक ग्राइंडिंग, लाइन बोअरिंग, हेडचा फेस घेणं, व्हॉल्व्हच्या सीट कापणं, गनमेटलचा बुश टर्न करून देणं, ही सगळी कामं चार गल्ल्यांत होतात. ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक बनवत हे गाव मोठं झालं. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गाड्यांची कास्टिंग्ज रोज ओतली जातात, हे तुला मी सांगायला नको. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते, ती १९३० च्या दशकातली गाडी. ती आजही स्वतःच्या चाकांवर येते, कारण तिच्यात जे झिजतं ते हातानं पुन्हा बनवता येतं. लोखंड, बीड, ॲल्युमिनियम यांत जे तुटेल ते या गावात उभं राहतं. सर्किट बोर्डावर जे जळेल त्याला उद्यमनगरचा लेथ काही करू शकत नाही.

या फुटपट्टीनं टीटी मोजून बघ.

तिचं इंजिन वाईट नाही. २११ हॉर्सपॉवर, आणि ब्लॉक चक्क बिडाचा. पण त्या वर्षांतल्या या २.० टीएफएसआय इंजिनांची तीन दुखणी जगभरच्या मेकॅनिकांना ठाऊक आहेत. एक, टायमिंग चेनचा टेन्शनर. तो दाब धरेनासा झाला की सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते. ती ऐकूनही गाडी चालवत राहिलं तर एक दिवस चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. दोन, ऑइल पिणं. पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक, ऑइल परत खाली जायची भोकं काजळीनं बुजतात, मग ऑइल जळायला लागतं. तीन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळं इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बनचा थर चढतो. ही तिन्ही दुखणी खर्चाची आहेत, पण लोखंडाची आहेत. पार्ट मागवला, चांगला माणूस धरला तर इथं निभेल.

खरा अडसर गिअरबॉक्स. सहा गिअरची ओल्या क्लचची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची, गिअर आपोआप बदलणारी पेटी. तिचं डोकं म्हणजे मेकाट्रॉनिक. व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, सेन्सर आणि कंट्रोलर एकाच ठोकळ्यात, तेही गरम ऑइलमध्ये बुडालेलं. ते गेलं तर दुसऱ्या गाडीचं काढून बसवलं तरी कोडिंग केल्याशिवाय गाडी नीट चालत नाही. ते करणारा माणूस, त्याचा स्कॅनर आणि त्याचा अनुभव या तिन्ही गोष्टी तुझ्या ओळखीत आहेत का? पत्रात तसं काही दिसत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी रिकव्हरी व्हॅनवर चढवून पुण्याला न्यायची.

आणि एक बघ. या गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर साठ हजार किलोमीटरला बदलायचं असतं. तुझ्या गाडीचं मीटर बासष्ट हजार दाखवतंय. म्हणजे ते काम नुकतंच झालेलं असायला हवं. बिल मागितलंस का? डीलरकडं ते बिल नसेल तर दोनच अर्थ निघतात : काम झालेलं नाही, किंवा मीटर खरं नाही. दोन्हींत गाडी सोडायची.

ही गाडी नवी असताना चाळीस लाखांच्या आसपासची होती. आज ती सातला मिळते, पण तिचा हेडलॅम्प, तिचा कंट्रोलर, तिचा शॉकॲब्सॉर्बर यांची किंमत चाळीस लाखांच्या गाडीचीच राहते. तुझे मित्र नव्या साध्या गाडीशी तुलना करतात ती इथं चुकते. नव्या गाडीला वॉरंटी असते. इथं तिघांनी पुढं ढकललेली कामं चौथ्याच्या, म्हणजे तुझ्या पदरात पडतात.

आता कागद. डीलर आठ दिवस म्हणाला तिथंच माझे कान टवकारले. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत येतात. २०११ ला नोंदलेल्या खासगी गाडीच्या आरसीची मुदत २०२६ ला संपते. पुढं फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची. त्याची फी देशात बनलेल्या कारला ५,००० रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००, आणि वीस वर्षांच्या पुढं ८०,०००. टीटी हंगेरीतल्या ग्योर शहरातनं तयार होऊन यायची, म्हणजे ती आयात गाडी. तिचा चेसिस नंबर टीआरयू या अक्षरांनी सुरू होतो. नसेल होत तर तिथंच उलटा फिर. त्यात दिल्लीची एनओसी, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, मग एमएच ०९ साठी नव्यानं नोंदणी, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. तो टॅक्स तू दिलेल्या सात लाखांवर लागत नाही, गाडीची मूळ किंमत आणि वय धरून लागतो. दिल्लीत भरलेला टॅक्स परत मागता येतो, पण तो मूळ मालकांच्या आणि तिकडच्या कार्यालयाच्या मागं लागून. हे सगळं मिळून किती होतंय ते आपल्या आरटीओत जाऊन, आरसीची प्रत दाखवून विचार. एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नकोस.

आणि रस्ते. आयआरसीच्या, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडच्या गल्लीतले कसे असतात ते तू रोज बघतोस. त्यावर टीटीचं पोट घासणार. मागच्या दोन जागा नावाला. मुलीला सीट बेल्ट लावून तिथं बसवून पन्हाळ्याला जायचं म्हटलं तर तिला सुख नाही, आणि तिच्या आईला पुढं बसून मागं बघत राहावं लागणार. एकट्यानं फिरवायची गाडी दोन महिन्यांत अंगणात उभी राहते, असं मी फार घरांत बघितलंय.

मग काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे : फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ ला आली तेव्हा ९.९५ लाखांची होती, आपल्या रांजणगावच्या कारखान्यात बनायची. १.४ टी-जेट, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, हातानं टाकायचे. चारही चाकांना डिस्क. थांबल्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. पाच दरवाजे, मागं मुलीसाठी नीट जागा. इंजिन फियाटच्याच लिनिया टी-जेटच्या घराण्यातलं, बॉडी आणि सस्पेन्शनचा बराच भाग साध्या पुंटोचा. फियाटनं इथला कारभार आवरलाय, काही पार्टची शोधाशोध करावी लागेल, हे मी लपवत नाही. पण ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, क्लच पायाखाली. हिची बहुतेक दुखणी उद्यमनगरला कळतात. विम्याचंही बघ : २०२२ पासूनच्या दरानं १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये, आणि अबार्थ १३६८ सीसीची, तिचा ३,४१६.

पोलो जीटी टीएसआय तुला कुणीतरी सुचवेल. चांगली गाडी, पण तिच्या जुन्या १.२ लिटरच्या मॉडेलात सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी आहे, म्हणजे पुन्हा मेकाट्रॉनिकच. फियाटची पालिओ १.६ मला मनापासून आवडते, पण ती आता इतकी जुनी झालीय की पहिली गाडी म्हणून तुला देणार नाही.

अबार्थ बघायला जाशील तेव्हा सकाळी जा आणि डीलरला आधीच सांग, गाडी चालू करून ठेवायची नाही. पोचल्यावर पहिलं बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर चहा पिऊन परत ये, दुसऱ्या दिवशी जा. थंड स्टार्टला कान इंजिनाकडं, डोळे सायलेन्सरकडं. निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. टर्बोचा इनलेट पाइप सोडवून शाफ्ट बोटानं हलवून बघ. किंचित खेळ चालतो, पण पाती कडेला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेलेला. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग, आणि किलोमीटरबरोबर वर्षंही मोज, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दे. आरपीएम चढतो आणि गाडी मागंच राहते, असं झालं तर क्लच घसरतोय. हे इंजिन लोक रीमॅप करून, म्हणजे त्याच्या कंट्रोलरचं सेटिंग बदलून, आणखी ताकद काढतात. तसं केलंय का ते थेट विचार, आणि उत्तर काहीही आलं तरी कॉम्प्रेशन टेस्ट करून घे. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा वर्षांवरचे टायर वेगात भरवशाचे नाहीत.

गाडी कोल्हापूर-सांगली भागातली असेल तर आणखी एक तपास हवाच. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली होती. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ, मुळाशी गाळाची रेघ दिसते. कार्पेट उचल, सीटच्या रुळांचा गंज बघ, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरव, फ्यूजबॉक्स उघड. वास लपवता येतो, गाळ सगळीकडनं काढता येत नाही. एवढं झाल्यावर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, ते बघ. ई-चलानंही तपास. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो त्याचा असतो. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करून घे.

आणि चार लाखांतले सगळे गाडीत घालू नकोस. गाडीला जेवढे देशील त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम बाजूला ठेव. पहिल्या वर्षात बेल्ट, ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश आणि टायर यांतच ती जाईल, आणि ती गेली की गाडी खरी तुझी होईल. चारात हे बसत नसेल तर आणखी सहा महिने साठव. तोवर वेगाची हौस कार्टिंगला भागव. याच गावात कार्टिंगच्या राष्ट्रीय शर्यती झालेल्या आहेत. रस्त्यावर, आणि विशेषतः गगनबावड्याच्या धुक्यात, कुणाशी शर्यत लावायची नाही. गाडी घेतलीस की पहिल्या फेरीला बाबांना शेजारी बसव. त्यांचा राग तिथंच निवळेल असं मला वाटतं.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. माझ्या धाकट्या भावाची लाल रंगाची सॅन स्टॉर्म ही दोन माणसांची गाडी आमच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली आहे. भाऊ पाच वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून ती चालू केलेली नाही. त्याचा मुलगा आता नोकरीला लागलाय, तो म्हणतो मी चालवणार. भंगारवाला वीस हजार देतो म्हणाला. चालवण्याजोगी होईल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ताई, भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा. ही गाडी आपल्या शेजारच्या गोव्यात बनायची, १९९८ च्या सुमारास बाजारात आली आणि फार थोडी बनली. बॉडी फायबरची आहे म्हणून तुमच्याकडच्या पावसातही ती गंजली नसणार. तडे असतील तर फायबरचं काम करणारा कुठलाही चांगला कारागीर ते भरून देईल. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवर. दिसायला स्पोर्ट्स कार, पण पोटात अगदी साधं यंत्र. वर मी राजारामपुरीच्या मुलाला जे सांगितलं त्या हिशेबानं तुमच्या शेडमध्ये त्याच्या ऑडीपेक्षा चांगली गाडी आहे.

पण पोराला आजच किल्ली फिरवू देऊ नका. टाकीतलं पेट्रोल नासून चिकट झालेलं असणार, ते इंजेक्टरपर्यंत गेलं की काम वाढतं. टाकी उतरवून धुऊन घ्या. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का ते टॉर्च घेऊन बघायला सांगा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, एक दिवस तसंच ठेवायचं, मग पान्यानं क्रँक हातानं फिरवायचा. सहज फिरला तरच बॅटरी जोडायची. चेसिसची चौकट लोखंडी आहे, सस्पेन्शन जिथं जोडलेलं असतं तिथले वेल्ड हातोडीनं ठोकून तपासून घ्या.

कागदांचं काम आधी सुरू करा, त्याला वेळ लागतो. मालक गेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज फॉर्म ३१ वर होतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे पुरावे लागतात. हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. तुमची मुदत गेलीय, दंड भरावा लागेल, पण त्यामुळं काम अडत नाही. नोंदणीची पंधरा वर्षंही बहुधा उलटली असतील. भावानं ती वाढवून घेतली होती का ते आरसीवर दिसेल. नसेल तर फिटनेस तपासणीला गाडी दाखवावी लागेल आणि पर्यावरण कर भरावा लागेल. तपासणीला ती टोचन करून न्या, विमा आणि नोंदणीशिवाय रस्त्यावर चालवत नेऊ नका.

खर्चाचा क्रम भाच्याला सांगून ठेवा : पहिले पैसे ब्रेकचे सिलिंडर, होज आणि टायर यांना. रंग आणि सीट कव्हर सगळ्यात शेवटी.